मोठ्या क्रूझ जहाजावर बाल्कनीची केबिन नेमकी कुठली घ्यावी?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच मोठ्या क्रूझवर जाताय, बाल्कनीची केबिन घ्यायचं नक्की आहे, आईंना बोट लागते, आणि बुकिंग करताना समोर शेकडो केबिन दिसतायत. त्यातली निवडायची कुठली?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. जहाजाच्या मधल्या भागातली घ्या, बाल्कन्या असलेल्या डेकपैकी (म्हणजे मजल्यांपैकी) खालच्या किंवा मधल्या डेकवरची घ्या, आणि जिच्या वरही केबिन आहेत आणि खालीही केबिनच आहेत अशी घ्या. सगळ्यात वरच्या डेकचा मोह टाळा.

पहिल्या सफरीत मला तोच मोह पडला होता. समुद्र जितक्या उंचावरून बघू तितका छान, एवढाच विचार करून मी केबिनच्या सर्वात वरच्या डेकवरची बाल्कनी घेतली. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक आहे, हे नकाशात पाहिलंच नव्हतं. पहाटे पाचच्या सुमाराला वर आरामखुर्च्या रांगेत लावायला सुरुवात व्हायची आणि खुर्च्यांचे पाय घासल्याचा आवाज थेट उशीपर्यंत यायचा. जहाजाचा सांगाडा पोलादाचा असतो, त्यातून असले आवाज फारसे विरत नाहीत. शिवाय तलावाचा डेक खालच्या डेकपेक्षा थोडा बाहेर आलेला होता. त्यामुळे बाल्कनीवर कायम सावली, आणि ज्या आकाशासाठी वर गेलो ते अर्धं झाकलेलं. त्या सफरीनंतर मी दराच्या आधी डेक प्लॅन उघडायला लागले.

डेक प्लॅन म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. तुम्हाला आवडलेल्या केबिनचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा असे तीन नकाशे शेजारी शेजारी ठेवा. नेमकी तीच जागा वर-खाली कशी शोधायची? लिफ्ट आणि मोठे जिने सगळ्या डेकवर एकाच उभ्या रेषेत असतात. त्यांना खूण धरा आणि तिथून आपली केबिन पुढे आहे की मागे, किती दारं दूर, ते मोजा. बऱ्याच जहाजांवर 13 क्रमांकाचा डेकच नसतो. म्हणजे तुम्ही 12 वर असाल तर तुमच्या डोक्यावर 14 असेल, तो बघा.

वर काय नको? तलाव, बुफे, स्वयंपाकघर, व्यायामशाळा, धावण्याचा ट्रॅक, बास्केटबॉलचं मैदान. खाली काय नको? नाट्यगृह, रात्री उशिरापर्यंत चालणारा क्लब, गाण्याबजावण्याचा बार. आणि नकाशात पांढऱ्या सोडलेल्या जागा दिसल्या तर त्या रिकाम्या समजू नका. तिथे कर्मचाऱ्यांच्या वाटा, सामानाच्या खोल्या, मुदपाकखान्याचा एखादा भाग असं काहीबाही असतं, आणि तिथून ढकलगाड्या ये-जा करत असतात. वर केबिन, खाली केबिन, समोरही केबिन असेल तर शेजारी झोपलेले असताना तुम्हीही झोपू शकता.

आता आईंचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या निवडीत हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. समुद्रात जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे कुशीवर डोलतं, डावीकडे-उजवीकडे. दुसरं, सी-सॉच्या फळीसारखं पुढचं टोक वर, मागचं खाली, मग उलट. डोलणं कमी करायला मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बरंच काम करतात. सी-सॉसारख्या हालचालीवर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही, म्हणून तिथे जागेची निवड कामाला येते. साधा हिशोब करून बघा. ओएसिस ऑफ द सीज हे 2009 सालचं जहाज सुमारे 360 मीटर लांब आहे. असं जहाज मध्याभोवती फक्त एका अंशाने झुकलं, तर मध्यापासून 180 मीटरवरचं टोक तीन मीटरहून जास्त वर किंवा खाली जातं. मध्यापासून 20 मीटरवर असलेली केबिन त्याच वेळी जेमतेम 35 सेंटिमीटर हलते. उंचीचंही तसंच. जहाज एका कुशीवर कललं की वरचे डेक खालच्या डेकपेक्षा जास्त लांबवर झुलतात. म्हणून बोट लागणाऱ्या माणसाला उंच आणि टोकाची केबिन देऊ नये, दृश्य कितीही सुंदर असलं तरी.

टोकाच्या केबिनना आणखीही एक त्रास असतो. बंदराला लागताना जहाज आडवं सरकवायला पाण्याखाली थ्रस्टर नावाचे पंखे चालवतात, आणि जहाजं बहुधा सकाळी लवकर बंदरात येतात. पुढच्या भागातल्या खालच्या केबिनमध्ये त्याची थरथर चांगलीच जाणवते. जिथे जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभं राहतं तिथे नांगराची साखळी सुटल्याचाही आवाज येतो. अगदी पुढच्या बाल्कन्यांवर वारा इतका असतो की जहाज चालू असताना तिथे बसणं कठीण. समोर तोंड असलेल्या केबिनना रात्री पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण त्यांचा उजेड वर ब्रिजवरून जहाज चालवणाऱ्यांच्या नजरेत येतो.

मागच्या टोकाच्या, थेट मागे तोंड असलेल्या बाल्कन्यांचं मात्र मला मनापासून प्रेम आहे. वारा कमी लागतो, बाल्कनी बरेचदा मोठी असते, आणि जहाजाने पाण्यात मागे सोडलेला लांबच लांब पांढरा पट्टा बघत तासन् तास जातात. पण तिथे इंजिन आणि प्रोपेलरची थरथर असते, मधल्या लिफ्टपर्यंत चालणं खूप होतं, आणि हेलकावे टोकाचेच. तुम्ही दोघंच जाल तेव्हा जरूर घ्या, आईंबरोबर या वेळी नको.

लिफ्टबद्दल थोडक्यात. 360 मीटरच्या जहाजावर केबिनपासून जेवणघरापर्यंतचं अंतर वयस्कर माणसाला दिवसातून चार-पाच वेळा कापावं लागतं, म्हणून लिफ्ट जवळ हवी. पण लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको, तिथे रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. सहा-सात दारं पुढे गेलात की आवाज उरत नाही आणि चालणंही फार होत नाही. नकाशात दोन केबिनना आतून जोडणाऱ्या दाराची खूण असेल, आणि शेजारची केबिन तुमच्या माणसांची नसेल, तर ती टाळा. त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. तुम्ही दोन केबिन घेणार असाल तर मात्र हेच दार सोयीचं, आई एका हाकेवर राहतील.

बाल्कनी म्हटली की समुद्र दिसणारच, असं धरून चालू नका. ओएसिसच्या जातीच्या जहाजांवर काही बाल्कन्या आत, जहाजाच्या मधोमध असलेली सेंट्रल पार्क नावाची बाग आणि बोर्डवॉक नावाची फिरण्याची जागा यांवर उघडतात. झाडं आणि माणसं बघायला छान, पण आईंना क्षितिज दिसायला हवं, म्हणून तुमच्यासाठी नको. 2018 साली आलेल्या सेलिब्रिटी एजसारख्या जहाजांवर बऱ्याच केबिनना बाहेर आलेली बाल्कनीच नाही. समुद्राकडची मोठी काच बटण दाबून वरून अर्ध्यापर्यंत खाली येते आणि खोलीचाच तो भाग बाल्कनी होतो. काहींना ते आवडतं, मला उघड्यावर पाऊल टाकल्यासारखं वाटत नाही. खालच्या काही डेकवर बाल्कनीच्या समोर किंवा खाली लाइफबोटी टांगलेल्या असतात. अशा केबिन ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणून स्वस्तात विकतात, पण कितपत अडतं हे जागेजागेवर वेगळं असतं, त्यामुळे त्या क्रमांकाच्या केबिनचे प्रवाशांनी काढलेले फोटो शोधून बघा. कठड्याकडेही लक्ष द्या. काही बाल्कन्यांना काचेऐवजी पोलादी कठडा असतो. उभं राहिलं तर समुद्र, खुर्चीत बसलं की समोर पत्रा.

डावी बाजू की उजवी? जहाज जिथून निघतं तिथेच परतत असेल तर यावर वेळ घालवू नका. एकाच दिशेचा प्रवास असेल तर फरक पडतो. उदाहरणार्थ, व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाताना मुख्य किनारा जहाजाच्या उजव्या हाताला राहतो.

शेवटी बुकिंगबद्दल. ‘गॅरंटी’ दराचा अर्थ इतकाच की बाल्कनीची केबिन मिळेल, कुठली ते कंपनी ठरवेल. तुमच्यासाठी हा दर नाही, कितीही स्वस्त असला तरी. मधल्या भागातल्या केबिन लवकर जातात, म्हणून तारीख पक्की झाली की लगेच क्रमांकासकट केबिन घ्या. आणि घेताना एजंटला किंवा कंपनीला स्पष्ट सांगा की आम्हाला कुठलंही अपग्रेड नको, हाच क्रमांक हवा, आणि तशी नोंद करून घ्या. अपग्रेडमध्ये केबिनची श्रेणी वाढते, पण जागा दोन डेक वर आणि थेट टोकाला सरकू शकते, आणि मग आईंसाठी शोधलेली मधली जागा हातची जाते.