कुत्र्याचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) उलटल्यास पुढची केमोथेरपी कोणती?
सीएचओपी (चार औषधांची एकत्रित केमोथेरपी) उपचार संपल्यावर पाच महिन्यांनी तुमच्या लॅब्रेडॉरच्या जबड्याखालच्या गाठी पुन्हा हाताला लागत असतील, तर सहसा तोच उपचार पुन्हा सुरू करण्याचा विचार प्रथम होतो. मात्र त्यातल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावरील दुष्परिणाम साठत जात असल्याने आधी दिलेल्या एकूण मात्रेचा हिशेब पाहावाच लागतो. उपचार चालू असतानाच आजार उलटला असता, तर लोमुस्टिन या वेगळ्या केमो औषधाकडे, बहुधा एल-अ‍ॅस्पॅरॅजिनेज या आणखी एका कर्करोगविरोधी औषधाच्या जोडीने, वळावे लागले असते. लोमुस्टिनची कॅप्सूल साधारण तीन आठवड्यांतून एकदा द्यायची असल्याने ती सोपी वाटते, पण प्रत्येक वेळी पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी मी तरी कधीच टाळणार नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले रॅबॅकफोसाडिन हे कुत्र्यांच्या लिम्फोमावरचे औषधही वापरता येते, पण ते फुप्फुसांना इजा करू शकते. दुसऱ्यांदा मिळणारा आराम बहुधा पहिल्यापेक्षा कमी काळ टिकतो.