कमरेइतकं पाणी, पोटाखाली बोर्ड

प्रश्न : दिवाळीत दीवला गेलो होतो. आठ आणि बारा वर्षांच्या मुलांना लाटेवर पोटावर झोपून सरकायचे दोन बोर्ड घेऊन दिले. पण एकतर लाट खालून निघून जाते आणि मुलं जागच्या जागीच राहतात, नाहीतर बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि ती तोंडघशी पडतात. नाताळात पुन्हा जाणार आहोत. चुकतंय कुठे?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : मूल बोर्डावर नेमकं कुठे झोपतं आणि कोणत्या क्षणी निघतं, या दोन गोष्टी तपासा.

आधी जागा. पाणी मुलाच्या कमरेइतकं हवं, तुमच्या नव्हे. फुटून पांढरा फेस झालेली लाटच घ्यायची. अजून न फुटलेली, उभी राहिलेली हिरवी लाट देखणी दिसते, पण ती नवख्याला उचलून आपटते. थेट वाळूवर कोसळणाऱ्या लाटांचा उतरता किनारा असेल, तर तिथे बोर्ड काढूच नका. मानेला दुखापत होते ती अशाच ठिकाणी. दीवचा नागोआ घोड्याच्या नालेसारखा वळलेला असल्यामुळे तिथे लाट बरीच सौम्य मिळते, म्हणून तुमची निवड चांगली आहे.

बोर्डाचं नाक किनाऱ्याकडे आणि शेपूट पोटाला टेकलेलं ठेवून मुलाने उभं राहायचं आणि मान वळवून मागे पाहायचं. फेस दोन-तीन पावलांवर आला की वाळूला पाय रेटून पुढे झेप घ्यायची. वर उडी मारायची नाही. बहुतेक मुलं वर उडी मारतात, धप्पकन बोर्डावर पडतात आणि मिळालेला वेग तिथेच संपतो. बोर्डाची शेपटी जांघेशी, कोपरं बोर्डावर, हातांनी नाकाचे दोन्ही कोपरे धरलेले, छाती जरा उचललेली आणि नजर किनाऱ्यावर. पाय मागे सरळ ठेवून पाण्याखाली मारत राहायचे.

वजन पुढे गेलं की नाक बुडतं. मागे राहिलं की शेपटी पाण्यात ओढली जाते आणि लाट पुढे निघून जाते. सुधारणा एका वेळी चार बोटांचीच करा. नाक बुडालं तर चार बोटं मागे, लाट निसटली तर चार बोटं पुढे. तीन-चार लाटांत जागा सापडते, आणि मग फेस खाली गडगडत असताना बोर्ड सुळकन सुटतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघा!

धाकट्याला सुरुवातीला तुम्ही ढकला. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, हात पोचेल इतक्या अंतरावर उभं राहून दोन्ही हातांनी शेपटी धरायची आणि फेस आला की सरळ पुढे रेटायची. वळायचं असेल तर त्या बाजूच्या कोपरावर आणि कमरेवर भार द्यायचा. गुडघाभर पाणी राहिलं की मागे सरकून पाय टेकायचे, नाहीतर पोट आणि बोटं वाळूवर खरवडतात.

परत आत जाताना बोर्ड अंगाच्या बाजूला धरायचा. स्वतः आणि लाट यांच्यामध्ये तो कधीही आडवा धरायचा नाही. लाट तोच बोर्ड छातीवर किंवा दातांवर आदळवते. समुद्रावर पट्टी बांधावी लागणाऱ्या दुखापती बहुधा अशाच होतात, सरकताना नाही. बोर्डाला जोडलेली मनगटाची पट्टी घट्ट आहे ना, तेही दर वेळी पाहा. ओठ निळसर झाले किंवा दात वाजू लागले की मुलांना बाहेर काढा.

प्रश्न : वलसाडजवळचा तिथल किनारा जवळ पडतो. तिथे चालेल का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आम्ही नको म्हणू. खंभातच्या आखाताच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक फार मोठा आहे. ओहोटीला पाणी दूरवर जातं, पायाखाली चिखल लागतो आणि गढूळपणामुळे तळ दिसत नाही. तिथे भजी खा, फिरा. बोर्डासाठी दीव किंवा कोकण गाठा.

प्रश्न : नातवंडं लालबागच्या तरणतलावात पोहायला शिकली आहेत. मे महिन्यात मालवणला जायचंय. बोर्ड असताना वेगळी काळजी कशाला, असं सूनबाई म्हणते. आणि पाण्यात उतरायची योग्य वेळ कोणती?
– एक आजी, दांडिया बाजार

उत्तर : आजी, तुमची शंका रास्त आहे. तलावातलं पाणी जागेवर थांबतं, समुद्राचं ओढतं. बोर्ड हातातून सुटू शकतो, म्हणून त्याला जीवरक्षक मानू नका. पोहणं कच्चं असेल तर जांघांमधून पट्टा जाणारं, अंगाला बसणारं लाइफ जॅकेट घाला.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, त्यातून फेस उलटा समुद्राकडे चाललेला, असं दिसलं तर तीच ओढीची जागा. नवख्याला तीच सुरक्षित वाटते, हा खरा धोका. कुणी सापडलंच तर बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. हात वर करून हाक मारायची, किनाऱ्याला समांतर पाय मारत बाजूला जायचं आणि लाटा फुटतात तिथून परत यायचं. हे नातवंडांकडून घरीच पाठ करून घ्या.

वेळेसाठी तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ साधारण मिळते. एकादशी म्हणजे 11, त्याची पाऊणपट सव्वाआठ. तेव्हा पूर्ण भरती. सहा तास बारा मिनिटांनी, म्हणजे अडीचच्या सुमारास, ओहोटी. मुलांसाठी चढत्या पाण्याचा मधला काळ उत्तम, म्हणून त्या दिवशी चार ते सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ते दोन-तीन दिवस टाळा. दीवला हा हिशेब लावू नका, तिथल्या वेळा तिथेच विचारा. आणि मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच जा. जून ते सप्टेंबर मुलांना पाण्यात उतरवूच नका.

प्रश्न : बोर्ड घेताना काय बघावं?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : जमिनीवर उभा केल्यावर तो बेंबीपर्यंत यावा. चार फुटांच्या मुलाला साधारण 33 इंच, पाच फुटांच्याला 37, साडेपाच फुटांच्या माणसाला 40 ते 41. खालची बाजू कडक, गुळगुळीत हवी. नुसता कापड चढवलेला थर्माकोल मुलाने वाळूवर बसकण मारली की मधोमध मोडतो.

उन्हात बंद गाडीत मागच्या काचेखाली बोर्ड ठेवू नका. 1971 साली हवाईत टॉम मोरी यांनी असा पहिला फोमचा बोर्ड केला, तो फोमवर वर्तमानपत्र ठेवून घरच्या इस्त्रीने आकार देऊन. याचा अर्थ उष्णतेने हा फोम वाकतो. गाडीत तापला की खालचा थर सुटतो, फुगे येतात आणि बोर्ड पाणी पितो. चादरीत गुंडाळून सामानाच्या सगळ्यात वर ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.