१६ वर्षं उभी असलेली जुनी गाडी सुरू होते, पण दहा मिनिटांत बंद पडते. फ्युएल पंप बदलावा का?

पंपाला अजून हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की १९५०च्या दशकातली गाडी १६ वर्षं शेडमध्ये उभी होती, जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा उघडून साफ केला. तरी ती दहा-बारा मिनिटं चालते, आचके देत थांबते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. हे वाचताना मला माझीच गाडी दिसली. मी तर कार्बोरेटर तीनदा उघडला होता. दोष बसला होता पार दुसऱ्या टोकाला, टाकीत.

आधी एक खात्री करून घ्या. स्पार्क तयार करणारे भाग, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, गरम झाल्यावर दगा देत असतील तरी गाडी जवळजवळ अशीच वागते. फरक असा की इग्निशन गेलं तर इंजिन बहुतेक वेळा दिवा मालवल्यासारखं एकदम गप्प होतं. पेट्रोल कमी पडलं तर ते आधी ओढ सोडतं, आचके देतं, मग थांबतं. पण नुसत्या लक्षणावर विसंबू नका. गाडी थांबली की त्याच क्षणी इग्निशन बंद करा, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी) भरलेलं आहे, मग स्पार्क तपासा. काहीच उडालं नाही तर चेंबर रिकामं आहे. एसयू या ब्रिटिश बनावटीसारख्या कार्बोरेटरला ही पिचकारी मारणारा ॲक्सिलरेटर पंप नसतो, तिथे चेंबरचं झाकण काढूनच बघावं लागेल. हे अर्ध्या तासाने बघण्यात अर्थ नाही, गाडी बंद पडली त्या मिनिटाला बघायचं.

चेंबर रिकामं निघालं तर पुढची दोन मिनिटं फार मोलाची आहेत. टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, शेवटी पंपाला ओढवेनासं होतं. जुन्या झाकणातलं ते बारीक भोक गंजाने किंवा किड्यांच्या मातीने बुजतं. मूळ झाकण हरवून कुणी बिनभोकाचं बसवलं असेल, तेही बघा.

तिथे काही निघालं नाही तर मग पेट्रोलच्या वाटेने पद्धतशीर जा. मी वाट मधोमध तोडून बघतो. लॉनमोवरची तोटीवाली छोटी टाकी मिळाली तर उत्तम. ती कार्बोरेटरच्या वर, एक्झॉस्टपासून लांब पक्की बांधायची, तिच्यात ताजं पेट्रोल घालायचं आणि नळी सरळ कार्बोरेटरला जोडायची. मेकॅनिकल पंप असेल तर पंपातून येणारी नळी वेगळ्या बंद डब्यात सोडा, नाहीतर इंजिन फिरताच पेट्रोल उडेल. इलेक्ट्रिक असेल तर त्याची वायर काढा. आता अर्धा तास गाडी चालू ठेवा. थांबली नाही, तर कार्बोरेटर आणि इग्निशन दोन्ही निर्दोष, दोष मागे, पंप-टाकीकडे आहे. थांबली, तर पुढे.

मागे असेल तर आता पंपाची पाळी. कॉइलची बारीक वायर काढा म्हणजे स्पार्क पडणार नाही. पंपातून बाहेर जाणारी नळी बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला सांगा. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना ठोक्यासारखी जोरकस धार यायला हवी. मग टाकीकडून येणारी नळी काढून पंपाला थेट स्वच्छ पेट्रोलच्या डब्यातून ओढू द्या. डब्यातून धार जोरकस आणि टाकीतून मरतुकडी, तर पंप निर्दोष आहे. बाहेर पेट्रोल गळत नाही म्हणून टाकीकडून येणारी ओढनळी ठीक आहे असं समजू नका. त्या भागात ओढ असते, सुईएवढ्या भोकातून पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते आणि बाटलीत बुडबुडे दिसतात. हाताने पंप करायची दांडी असेल आणि ती ढिली लागत असेल तर इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा बघा. कॅमने (इंजिनमधल्या फिरत्या उंचवट्याने) पंपाचा आतला दांडा, म्हणजे रॉकर, आधीच दाबून धरला असेल तर दांडी काहीच काम करत नाही, आणि लोक चांगला पंप फेकून देतात. पंप खरंच गेल्याची मोठी खूण डिपस्टिकवर मिळते. ऑइलला पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर पंपातला पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला असण्याची दाट शक्यता आहे. तशी गाडी सुरू करू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात.

माझ्या गाडीत डब्यातून धार मस्त होती, टाकीतून दहा मिनिटांनी बंद. पंपावरच्या काचेच्या वाटीत बघत बसलो तेव्हा ते डोळ्यांसमोर घडलं: वाटी काठोकाठ भरलेली, तळाला विटकरी भुकटी. मग पातळी हळूहळू खाली येऊ लागली, भुकटी भोवऱ्यासारखी उठली आणि इंजिनने आचका दिला. इंजिन थांबल्यावर टाकी उतरवली. पूर्वी कुणीतरी आतून सीलरचा लेप दिला होता. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने तो सुटला होता आणि तळहाताएवढा पापुद्रा पेट्रोलात तरंगत होता. पंपाने ओढ लावली की तो पिकअपच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या) तोंडावर येऊन चिकटायचा, ओढ थांबली की सुटून बाजूला व्हायचा. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचं सगळं रहस्य तेवढंच. पापुद्र्याच्या जागी गंजाचा गाळ असेल तरी हेच होतं.

तुम्ही पेट्रोल बदललं, टाकी मात्र तीच आहे. जुनं पेट्रोल उडून मागे राळेसारखा थर ठेवतं, त्याला आंबूस, वॉर्निशसारखा वास येतो. नवीन पेट्रोल तो थर हळूहळू सोडवतं आणि पुढे ढकलतं, म्हणून तुमचा कार्बोरेटर दोनदा साफ करूनही पुन्हा भरला असेल. इथेनॉल ओल ओढून घेतं. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलात जेमतेम अर्धा टक्का पाणी मावतं, त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पिकअपही तळाशीच असतो. रबरी नळ्या तर न बघता सगळ्या बदला. वरून छान दिसणारी नळी आतून फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली असते. नवीन नळी इथेनॉलला टिकणारीच घ्या.

टाकी उतरवल्यावर मूठभर नट घालून हलवायची, मग व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवायची, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची आणि लगेच, अगदी लगेच, वाळवायची, कारण उघडं लोखंड डोळ्यांदेखत गंजतं. धातूची नळी दोन्ही टोकांनी सोडवूनच हवा मारा. पंपातून कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर डायफ्राम गेलाच. टाकीला भोकं नसतील तर मी सीलर लावू देणार नाही, माझा अनुभव वर लिहिला आहे. वेल्डिंग तर अजिबात नको. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. उणे ४० अंशांतही पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ होते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. त्यामुळे टाकीचं काम मोकळ्यावर, बॅटरी सोडवून, आग विझवायचा पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवून करा, खड्ड्यात उतरून नव्हे.

दोष पुढे निघाला तर मात्र कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडावाच लागेल. तेव्हा फ्लोट (चेंबरमध्ये तरंगणारा भाग) कानाशी हलवून बघा. पितळी फ्लोटमध्ये पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे, गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. निडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी सुई) राळेने अर्धवट चिकटत नाही ना, तेही बघा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, स्टीलची तार घालू नका, भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रणाचं माप कायमचं बिघडतं.

टाकीपासून सुरुवात केलीत तर पिकअपची नळी आधी बाहेर काढा आणि तिची जाळी उजेडात धरा. जाळीतून उजेड आरपार दिसला नाही, तर पंपाची ऑर्डर देण्याआधी ती साफ करून गाडी पाऊण तास चालवून बघा.