बाबा वेकोलित, मला क्लायमेट फायनान्स करायचंय

प्रश्न: मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) पंप ऑपरेटर, भावजी ठेकेदाराकडे कोळशाचा ट्रक चालवतात. कोळशावर अवलंबून असलेल्या देशांना स्वच्छ ऊर्जेकडे वळायला जो आंतरराष्ट्रीय निधी मिळतो, त्या क्षेत्रात, म्हणजे क्लायमेट फायनान्समध्ये, मला काम करायचंय. इंग्लंडमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ३० लाखांचं कर्ज काढू का? बाबा म्हणतात, "ज्या कोळशानं तुला शिकवलं, तोच बंद करायला निघालीस?"

उत्तर: बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण या क्षेत्राचा गाभा त्यातच आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घे. तिथली ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळशावर, आणि बहुतेक खाणी म्पुमलांगा या एका प्रांतात. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघानं या देशाला ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. कोळसा कमी करा, पण कामगारांना वाऱ्यावर सोडू नका, अशी त्यामागची भूमिका. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात म्पुमलांगातलं कोमाटी हे १९६१ पासूनचं औष्णिक केंद्र बंद झालं. तिथं सौर, पवन, बॅटरी आणि प्रशिक्षण यांसाठी जागतिक बँकेनं ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीनं आपल्या कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांवर सामावून घेतलं. कंत्राटी कामगारांचं मात्र काम गेलं, आणि त्यांच्या पगारावर चालणारे आसपासचे धंदे बसले. गावाच्या पोटापाण्याची सोय केंद्र बंद होण्याच्या पुष्कळ आधी व्हायला हवी, असं त्या देशाच्या राष्ट्रपती हवामान आयोगानंच नंतर सांगितलं.

म्हणजे पैसा होता, इरादाही चांगला होता. चुकली ती माणसांची मोजदाद आणि वेळ. कायम कामगाराचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर असतं. ठेकेदाराच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, गेटजवळचा चहावाला, टायरचं पंक्चर काढणारा यांची नावं कुठल्या कागदावर येतात? तुझ्या एका घरातच दोन्ही प्रकार आहेत. बाबांची बदली होईल, भावजींचं काय? कोळसा संपला किंवा काढणं परवडेनासं झालं की खाण बंद होतेच, वेकोलिच्याही झाल्यात. त्या दिवसाच्या आधी भावजींसारख्यांच्या नावानं पैशाची तरतूद झालेली असावी, हे पाहणारी माणसं या क्षेत्राला हवीत. बाबांना हे असंच सांग.

आता त्या पैशाचं खरं रूप. जाहीर झालेल्या ८.५ अब्जांत अनुदान जेमतेम ४ टक्के होतं. बाकी बहुतेक कर्ज, हमी आणि गुंतवणूक. सवलतीचं कर्ज म्हणजे व्याज कमी, मुदत लांब, सुरुवातीची काही वर्षं मुद्दल फेडायचं नाही. पण ते डॉलर-युरोत असेल आणि आपलं चलन घसरलं, तर ती सवलत बघता बघता विरते. कामगारांचं प्रशिक्षण किंवा गावाची उभारणी यांतून परतफेडीपुरतं उत्पन्न येत नाही, म्हणून तिथं अनुदानच लागतं, आणि नेमकं तेच तुटपुंजं. मला हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. त्यात मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या तिन्ही देशांबरोबरच्या अशा निधी-भागीदारीतून अंग काढून घेतलं. देणाऱ्या देशात सरकार बदललं की इकडचे प्रकल्प आणि त्यांतल्या नोकऱ्या डळमळतात. अशा क्षेत्रात पाऊल टाकताना डोक्यावर ३० लाख नकोत. कर्ज आत्ता काढू नकोस.

भारतानं असा देशपातळीवरचा करार केलेला नाही. तरी क्लायमेट इन्व्हेस्टमेंट फंड्स या आंतरराष्ट्रीय निधीच्या, कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याच्या कार्यक्रमात पहिल्या चार देशांत भारत होता, आणि ग्रीन क्लायमेट फंड या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा आणण्यासाठी नाबार्ड (ग्रामीण विकासाची बँक) व सिडबी (लघुउद्योगांची बँक) यांना मान्यता आहे. आणि एक निधी तर तुझ्या जिल्ह्यातच आहे: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून खाणींच्या रॉयल्टीवर जादा रक्कम घेऊन तो उभा राहतो आणि खाणबाधित भागावर खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. तो कुठल्या गावात, कशावर खर्च झाला, हे शोधून काढ. परदेशी निधीचा हिशेब वाचण्याची तयारी इथूनच होईल.

शिक्षणाचं म्हणशील तर मी सीएमए, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचा व्यावसायिक अभ्यासक्रम, सुचवेन. पदवीधरांना थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, आणि एखादं वीज केंद्र कधी बंद करणं परवडतं हा प्रश्न शेवटी खर्चाच्या हिशेबाचाच असतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीबाबतचे वीजदर आदेश संकेतस्थळावर फुकट मिळतात. चंद्रपूर केंद्राचा स्थिर खर्च किती, इंधनाचा किती, एवढं तरी त्यातून काढून बघ. पहिल्यांदा डोकं गरगरेल, तिसऱ्यांदा वाट सापडेल. इंग्रजी वाचनाचा कंटाळा करू नकोस. करारांची भाषा तीच आहे. हवामान निधीची तोंडओळख संयुक्त राष्ट्रांच्या यूएन सीसी:लर्न या उपक्रमाच्या मोफत अभ्यासक्रमांतून होईल.

हिशेबापेक्षा धोरणात जास्त रस वाटला, तर पुण्याच्या गोखले संस्थेतलं अर्थशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण बघ. परदेशाचं दार यानं बंद होत नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत शिक्षण आणि राहण्याचा खर्च मिळतो, पण त्यासाठी साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तो आधी इथं मिळव.

सीएमएच्या जूनच्या परीक्षेला बसायचं तर नोंदणी साधारण जानेवारीअखेर करावी लागते. यंदाची तारीख सीएमए संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घे. आणि तोवर एक काम कर. तुमच्या गल्लीतल्या घरांची यादी काढ: कोण कायम, कोण ठेक्यावर, कोणाचं दुकान खाणीच्या पगारावर चालतं. भावजींना सोबत घे, त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. यादी झाली की मला पाठव, पुढचं त्यावरून बोलू.