लोपबुरीचं माकडांचं देऊळ: आईवडील आणि लहान मूल सोबत असेल तर

बँकॉकमध्ये पाच दिवस आहात, सोबत सत्तरीचे आईवडील आणि सात वर्षांची मुलगी. त्यातला एक दिवस लोपबुरीला द्यावा का आणि तिथली माकडं चावतात का, हे तुमचे प्रश्न. दिवस द्यावा. आणि हो, चावतात. पण बहुतेक वेळा त्याआधी माणसाने काहीतरी आगळीक केलेली असते.

आधी एक खुलासा. व्हिडिओत दिसणाऱ्या, रस्ता अडवणाऱ्या झुंडी आता गृहीत धरू नका. पर्यटकांच्या खाऊवर तिथली माकडं भरमसाट वाढली. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक आटले आणि माकडांच्या टोळ्या भररस्त्यात एकमेकींवर तुटून पडल्या. शेवटी मे २०२४ पासून राष्ट्रीय उद्यान खात्याने रांबुतान फळांचं आमिष ठेवून पिंजरे लावले, पकडलेल्या माकडांची नसबंदी केली आणि त्यांना बंदिस्त जागेत हलवलं. गावात आता पूर्वीच्या मानाने माकडं बरीच कमी आहेत. त्यामुळे देऊळ बघायला म्हणून जा. उरलेल्या माकडांसाठी तयारी मात्र तेवढीच हवी. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी माकडांना फळांची मेजवानी देण्याची प्रथा १९८९ पासून आहे. म्हातारी माणसं आणि पोर सोबत असताना तो दिवस टाळलेला बरा.

लोपबुरी बँकॉकच्या उत्तरेला साधारण १५० किलोमीटरवर. रेल्वेने जा, दोन ते तीन तास लागतात. लांब पल्ल्याच्या गाड्या बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनवरून सुटतात, साध्या पॅसेंजर हुआ लाम्फोंग स्टेशनवरून. तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी स्वस्त असतं, पण पंख्याच्या डब्यात आईवडिलांचे हाल होतील; एसी डबा असलेली गाडी बघा. तिकीट काढताना ती गाडी गावातल्या जुन्या स्टेशनवर थांबते ना, हे विचारून घ्या. तिथून देऊळ पायी दहा मिनिटांच्या आत आहे. सोमवार-मंगळवार नको, त्या दिवशी लोपबुरीतल्या नाराय राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं.

देवळाचं नाव फ्रा प्रांग साम योत, म्हणजे तीन शिखरांचं देऊळ. कंबोडियाचा ख्मेर राजा सातवा जयवर्मन याच्या काळातलं, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचं किंवा तेराव्याच्या सुरुवातीचं. तिन्ही शिखरं उत्तर-दक्षिण ओळीत, आतून बोळाने जोडलेली. तीन शिखरं बघून आपल्याला ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात आणि अनेक जण तसंच सांगतातही, पण हे महायान बौद्ध देऊळ आहे: मधे नागावर बसलेला बुद्ध, दोन्ही बाजूंना लोकेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) आणि प्रज्ञापारमिता (प्रज्ञेची देवी). पूर्वेकडचा विटांचा विहार मात्र सतराव्या शतकातला, राजा नारायच्या वेळचा.

कोकणातल्या माणसाला इथला दगड लगेच ओळखू येईल: जांभा. सच्छिद्र असल्यामुळे त्यावर नाजूक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून कारागिरांनी वर चुन्याचा गिलावा चढवून त्यात नक्षी केली. तिचे तुकडे अजून शिल्लक आहेत, विशेषतः कोपऱ्यांवर आणि छताच्या कडेला. दारांच्या चौकटी वालुकाश्माच्या, आणि दगड असूनही सुतारकामासारख्या सांध्यांनी जोडलेल्या. खांबांच्या पायथ्याशी कोनाड्यात बसलेले छोटे ऋषी शोधायला मुलीला सांगा. अर्धा तास निघून जाईल. आत गेल्यावर मान वर करा. छताला खरी कमान नाही, दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर जुळवल्या आहेत. अशा रचनेत जास्त रुंदी पेलत नाही, म्हणून बोळ इतके अरुंद. दारांना गज आहेत, त्यामुळे आत माणसं आणि बाहेरून डोकावणारी माकडं, असा उलटा प्राणिसंग्रहालयाचा प्रकार! वटवाघळांचा वास येतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी फार वेळ थांबू नये.

रुळांपलीकडे सान फ्रा कान हे जागृत देवस्थान आहे. 'कान' म्हणजे आपला काळ. मूर्ती चार हातांच्या विष्णूची, मस्तक नंतर बसवलेलं. माकडं या देवाची लेकरं मानतात, म्हणून त्यांना इतकी वर्षं कुणी हात लावला नाही. थाई रामायणात तर रामाने ही नगरी हनुमानाला बक्षीस दिल्याची कथा आहे.

आता तयारी. एलिफंटा किंवा माथेरानला माकडांना बिस्किटं टाकायची सवय असेल तर ती बँकॉकलाच ठेवून या. इथली लांब शेपटीची माकडं आपल्या लालतोंड्यांची चुलत भावंडं, वानरांसारखी बुजरी नाहीत. पिशवीतली भाकरवडी, चिवडा, केळी, अगदी च्युइंगगमही हॉटेलवर ठेवा. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. तिचा चुरचुर आवाज म्हणजे खाऊ, हे त्यांना पाठ आहे. सॅकच्या बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली सगळ्यात आधी जाते. सॅक पोटावर घ्या, चेन त्यांना उघडता येते. चष्म्याला मागून दोरी लावा, कानातले डूल काढून ठेवा, मुलीचे केस बांधा, मऊ खेळणं नको. आईवडिलांची औषधं आतल्या खिशात, कारण गोळ्यांची पाकिटंही त्यांना खाऊच वाटतात. तिकीटघरापाशी काठी मिळाली तर ती फक्त हातात दिसू द्या, उगारू नका.

डोळ्यांत रोखून बघणं हे त्यांच्या भाषेत आव्हान. तोंड उघडून, भुवया ताणून माकड तुमच्याकडे बघू लागलं की नजर खाली करा आणि पाठ न दाखवता हळू मागे सरका. पिल्लाचा फोटो जवळून काढायला जाणं ही नेहमीची चूक; आई शेजारीच असते. अंगावर चढलंच तर किंचाळू नका, झटकू नका, त्याला हाताने ओढू नका, बहुतेक चावे तिथेच बसतात. हात खाली ठेवून सावकाश चालायला लागा, खायला नाही हे कळलं की ते उतरतं. वस्तू हिसकावली तर ओढाताण नको, तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. मुलीचा हात सतत धरा, लहान चणीच्या माणसाला माकडं कमी जुमानतात.

चावलं किंवा ओरखडून रक्त आलं, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, वर पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना काही भरू नका, टाकेही शक्यतो लगेच नको. रेबीजची लस आणि कातडी फाटून रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. आधी पूर्ण लसीकरण झालेलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, फक्त लसीचे दोन डोस पुरतात, एक लगेच आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि माकडांपासून येणाऱ्या बी विषाणूबद्दल (हा हर्पीसच्या कुळातला) डॉक्टरांना स्वतःहून विचारा, सगळ्यांच्या लक्षात येतंच असं नाही. बँकॉकला परतून जायचं असेल तर थाई रेडक्रॉसची क्वीन सावोभा संस्था याच कामासाठी ओळखली जाते. लसीचं नाव, तारखा आणि ती कातडीत दिली की स्नायूत, हे कार्डावर लिहून घ्या. उरलेले डोस घरी आल्यावर घेताना आपल्याकडच्या डॉक्टरांना नेमकं तेच लागेल.