ईपीआरमधून सूट आहे, पण ती लिहून कोण देणार?

दादा, तुमची पोस्ट वाचून आमचाच जुना मेल कोणी पुन्हा पाठवलाय की काय असं वाटलं. पुण्याचं साखळी दुकान ईपीआरच्या (बाजारात सोडलेल्या प्लॅस्टिक वेष्टनाचा कचरा मार्गी लावायची कंपनीवरची जबाबदारी) नोंदणी क्रमांकाशिवाय कोकम सरबत घ्यायला तयार नाही, सल्लागार नोंदणीचे 35 हजार सांगतोय, गोव्याचा वितरक म्हणतोय की तिकडे बाटलीवर डिपॉझिट (रिकामी आणून दिली की परत मिळणारी रक्कम) येणार तेव्हा जरा थांबा, आणि तुम्ही विचारताय की प्लॅस्टिक सोडून सरळ काचेकडे वळावं का. वर प्रतिक्रियांत दोघांनी 'करून टाका नोंदणी, कटकट मिटेल' असा सल्ला दिलाय. माझं मत नेमकं उलटं आहे. नोंदणी केली की कटकट सुरू होते.

आधीच सांगते, मी वकील नाही, सीए नाही. कुडाळजवळ आमचं छोटं युनिट आहे: कोकम, आगळ, पन्हं, हंगामात थोडं जांभूळ. जे भोगलं तेवढंच लिहितेय. उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगाची नोंदणी), एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना), बॅच नंबर हे सगळं तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही.

मूळ मुद्दा असा. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम 2016 चे, त्यात 16 फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने ईपीआरची मार्गदर्शक तत्त्वं अनुसूची 2 म्हणून जोडली. कोणाला लागू, याची तिथे यादी आहे. वेष्टन बनवणारा, आयात करणारा, ब्रँड ओनर आणि प्लॅस्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा. ब्रँड ओनरच्या ओळीतच लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळून. तुम्ही तयार बाटली विकत घेऊन आपल्या नावाने सरबत भरून विकता, म्हणजे ब्रँड ओनर. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा 10 कोटी आणि लघुची 100 कोटी झालीय. गुंतवणुकीची मर्यादा अनुक्रमे अडीच कोटी आणि 25 कोटी. आपल्यापैकी कोण त्याच्या वर जाणार आहे?

फक्त एक बघा, प्रीफॉर्म (फुगवायच्या आधीची बाटलीची नळी) आणून बाटल्या स्वतः फुगवत नाही ना? ब्लोइंग मशीन असेल तर तुम्ही वेष्टन बनवणारे ठरता आणि तिथला हिशेब वेगळा. बाहेरून बाटल्या किंवा झाकणं आयात करत असाल तरी वेगळा. तुमच्या पोस्टवरून तसं वाटत नाही.

म्हणजे नियम आपल्या बाजूने आहे. मग अडतं कुठे? नियम आपल्या बाजूने आहे हे कागदावर लिहून द्यायला कोणी तयार नसतं, तिथे. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच.

सरकारी कार्यालयाचं नाव घेत नाही. आम्हाला हवी होती एक ओळ: हे युनिट सूक्ष्म उद्योग असून ब्रँड ओनर म्हणून त्याला ही नोंदणी लागू नाही. टेबलावरचे साहेब चांगले बोलले, खुर्ची दिली, म्हणाले, 'तुम्हाला लागतच नाही, निर्धास्त जा.' लिहून द्या म्हटल्यावर चेहरा बदलला. 'जे लागत नाही त्याचं पत्र कसं देणार? आमच्याकडे नोंदणीचा नमुना आहे, न लागण्याचा नमुना नाही.' बरं, निदान आमचा अर्ज आवकला घ्या आणि पोच द्या, तर म्हणे कोणत्या विषयाखाली घेऊ? पुढच्या खेपेला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथल्या माणसाने कागदही न बघता सांगितलं, 'पोर्टलवर प्रोड्युसर म्हणून टाकून द्या की, सगळे टाकतात.' नियमात प्रोड्युसर म्हणजे वेष्टन बनवणारा. सरबतवाल्याला तो सल्ला देणं म्हणजे ज्याला सूट आहे त्याला हाताला धरून सूट नसलेल्या रांगेत नेऊन उभं करणं. आणि वर 'सगळे टाकतात' ही कायदेशीर तरतूद!

या सगळ्यात मार्च गेला, एप्रिल गेला. कोकम सरबताचा धंदा कधी चालतो ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस पडला की गिऱ्हाईक चहाकडे वळतं. साखळी दुकानाने आमची फळी दुसऱ्या कोणाला दिली. त्यांच्यासाठी भरून ठेवलेला माल गोदामात राहिला, आणि अशी दुकानं मुदत उतरत चाललेला माल पुढे उचलत नाहीत. शेवटी तो इकडच्या टपऱ्यांना आणि हॉटेलांना पडत्या भावात दिला. नोंदणीचा खर्च वाचला म्हणून खूश व्हायचं की हंगाम गेला म्हणून रडायचं, तुम्हीच ठरवा.

'मग 35 हजार देऊन टाकलेले काय वाईट?' असं म्हणाल. सरकारी शुल्क बघा. प्लॅस्टिक वर्षाला 1000 टनांच्या आत असेल तर अर्जाचं शुल्क 10 हजार. आमची 750 मिलीची बाटली साधारण 30 ग्रॅमची. वर्षाला 20 हजार बाटल्या धरल्या तरी 600 किलो होतात, टनसुद्धा नाही. आणि 900 टनवाल्यालाही तेच 10 हजार! उरलेले 25 हजार सल्लागाराचे. बरं, ते एकदाचे नाहीत. नोंदणी झाली की दरवर्षी विवरणपत्र, पुनर्वापर करणाऱ्यांकडून क्रेडिट (तेवढं प्लॅस्टिक त्यांनी पुन्हा वापरात आणल्याचं प्रमाणपत्र) घेणं, चुकलं तर पर्यावरण भरपाई. वर बाटलीसारख्या कडक प्लॅस्टिकमध्ये 2025-26 पासून 30 टक्के पुनर्वापरातलं प्लॅस्टिक असावं असं लक्ष्य आहे, ते 2028-29 ला 60 टक्क्यांवर जातं. आपल्याला बाटलीवाला जे देईल ते आपण भरणार. त्यात पुनर्वापराचं किती हे आपण कुठल्या तोंडाने सांगणार? आमच्या ओळखीच्या एका लोणचेवाल्याने सल्लागाराच्या नादाने नोंदणी केली. पहिल्या विवरणपत्राच्या वेळी सल्लागाराचा फोन लागेना, आणि पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडेच. (सल्लागार घ्यायचाच तर लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरावर आणि तुमच्या ईमेलवर करून घ्या.)

आता आमचं पुढे कसं जमलं ते. तीन गोष्टी केल्या, आणि त्या मी तुम्हाला आजच करायला सांगेन.

पहिली म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात 'आम्हाला नोंदणी लागते का?' असं विचारायचं नाही. ते मत झालं, आणि माहिती अधिकारात मत देत नाहीत. 'सूक्ष्म व लघु उद्योग असलेल्या ब्रँड ओनरला ज्या तरतुदीने वगळलं आहे त्या तरतुदीची प्रत द्यावी' असं लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे उत्तर येतं त्यावर सही-शिक्का असतो, आणि दुकानवाल्यांना त्या शिक्क्याचंच अप्रूप असतं.

दुसरी म्हणजे लेटरहेडवर स्वयंघोषणा. त्यात अनुसूची 2 चा उल्लेख, सोबत उद्यम प्रमाणपत्र, सीएचा उलाढालीचा दाखला आणि बाटलीवाल्याच्या ईपीआर नोंदणीची प्रत. ही फाइल दुकानाच्या खरेदीवाल्या माणसाला देऊ नका. त्याच्या यादीत एक रकाना असतो आणि तो भरला नाही तर त्याचा साहेब त्याला ओरडतो, बाकी त्याला काही देणंघेणं नसतं. ती त्यांच्या कंप्लायन्सवाल्यांना (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना) पाठवा. ती दुकानं स्वतः या नियमाच्या कक्षेत येतात, म्हणून घाबरलेली असतात. एकदा त्यांना नियमाची ओळ दिसली की सुटकेचा श्वास तेही सोडतात. आमचं काम एका मेलवर झालं. त्याच दुकानासाठी त्यांच्याच नावाचं लेबल लावून माल भरून देत असाल, तर तिथे ब्रँड ओनर ते दुकान. जबाबदारी त्यांची, तुमची नाही. हे करारात लिहून घ्या.

तिसरी बाटलीवाल्याशी बोलणी, कारण सूट म्हणजे फुकट नव्हे. बाटली बनवणाऱ्याचं लक्ष्य मोजताना, नियमाच्या कक्षेत येणाऱ्या मोठ्या ब्रँडना दिलेला माल त्याच्या हिशेबातून वजा होतो. तुमच्या-माझ्यासारख्या सूट असलेल्यांना दिलेला वजा होत नाही, तो त्याच्या डोक्यावरच राहतो. मग तो खर्च कुठे जाईल? बाटलीच्या दरात. तो पैसे लावणार यात गैर काही नाही, पण दर बाटलीमागे किती लावलाय ते बिलावर वेगळं दाखवायला सांगा. आणि तो स्वतः सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2024 च्या दुरुस्तीने त्याचं लक्ष्य पुरं करण्याची जबाबदारी कच्चा माल पुरवणाऱ्याकडे गेलीय. तरी तो ईपीआरच्या नावाने पैसे लावत असेल तर जरा खोलात शिरा. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर दर खाली आला.

आता डिपॉझिट. ही गोष्ट ईपीआरपेक्षा वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. ईपीआर किलोवर चालतं, डिपॉझिट नगावर. आणि नगावर चाललेली प्रत्येक योजना लहान माणसाला जास्त जड जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात हे एकदा होऊन गेलंय. 23 मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट (पाण्या-सरबताच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) बाटल्यांवर पुनर्खरेदी किंमत छापायची होती, लिटरच्या बाटलीला 1 रुपया, अर्ध्या लिटरला 2 रुपये, दुधाच्या पिशवीला 50 पैसे. किराणा दुकानातून तो रुपया परत घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. ओळखीच्या एका पाणीवाल्याने घाईघाईने तशी लेबलं छापून घेतली होती, गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले.

गोव्याने 2024 मध्ये डिपॉझिट परताव्याच्या योजनेची अधिसूचना काढली. त्यात प्रत्येक नगावर वेगळा कोड अपेक्षित आहे. मोठ्या कंपनीच्या लाइनवर प्रिंटर बसवला की काम झालं. आपण लेबलं ऑफसेटवर छापतो, सगळी एकसारखी, हाताने किंवा साध्या मशीनवर चिकटवतो. म्हणजे प्रत्येक बाटलीला दुसरा स्टिकर आला. शिवाय गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे विकायचा माल वेगळा आणि पलीकडचा वेगळा, असा दोन जागी साठा. म्हापशाला पन्नास खोकी पाठवणाऱ्याने हे कसं करायचं? काजूची फेणी गाळणारे छोटे भट्टीवालेही याच पेचात. ते तर वर्षानुवर्षं जुन्याच बाटल्या धुऊन भरत आले, म्हणजे पुनर्वापर आधीपासूनच करताहेत.

डिपॉझिट कुठेच चालत नाही असं म्हणत नाही. तमिळनाडूतल्या निलगिरीत 2022 पासून दारूच्या बाटलीवर 10 रुपये घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. पण तिथे विकणारं दुकान सरकारी, एकच साखळी. जिथून घेतली तिथेच परत. आपलं सरबत जत्रेत, एसटी स्टँडवर, हायवेच्या हॉटेलात आणि मुंबईच्या कोकण महोत्सवात विकलं जातं. रिकामी बाटली कोणाकडे द्यायची?

स्कॉटलंडचंही ऐका, भाचा तिकडे असल्यामुळे मला माहीत. 16 ऑगस्ट 2023 ला तिथे 20 पेन्स डिपॉझिटची योजना सुरू होणार होती. छोट्या बिअरवाल्यांची तक्रार हीच, की फक्त स्कॉटलंडसाठी वेगळं लेबल आणि वेगळा साठा परवडत नाही. योजना आधी मार्च 2024 वर गेली, मग ऑक्टोबर 2025 वर, आणि जून 2023 मध्ये ती चालवायला उभी केलेली कंपनीच दिवाळखोरीत गेली. ज्यांनी शहाण्यासारखी आधी तयारी केली, त्यांचाच खर्च पाण्यात. म्हणून गोव्याच्या बाबतीत तुमचा वितरक म्हणतो तसं माल थांबवू नका, पण आगाऊ खर्चही करू नका.

काचेबद्दल. फक्त नियम टाळायला काचेकडे जात असाल तर जाऊ नका. काच, कागद आणि धातूच्या वेष्टनांसाठीही ईपीआर आणण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये काढला आहे. त्यात वजन. 750 मिलीची रिकामी काचेची बाटली 400 ग्रॅमच्या पुढे, घाटातल्या रस्त्यावर फुटतूट वेगळी. पुण्यासाठी पेटच ठेवा. पण तालुक्यातल्या तालुक्यात काच जरूर वापरा. काचेची बाटली टिकाऊ आणि नीट धुता येण्याजोगी असेल तर पुन्हा भरायला अन्नसुरक्षेचे नियम आडवे येत नाहीत. आम्ही जवळच्या हॉटेलांना आणि होमस्टेना काचेत देतो, पुढचा माल टाकताना रिकाम्या उचलून आणतो. डिपॉझिट घेत नाही, बिलातच मांडून ठेवतो, किती गेल्या आणि किती आल्या. सोलकढीचं आगळ 5 लिटरच्या कॅनमधून जातं आणि कॅन परत येतात. हे करताना लेबलला पाण्यात सुटणारा गोंद वापरायला सांगा, नाहीतर बाटल्या खरवडायला दोन माणसं जास्त लागतात. आणि झाकण दर वेळी नवीनच. कोकमाच्या आंबटपणाने पत्र्याचं झाकण आतून काळं पडतं.

बाकी गोव्याचं एवढं करा: या हंगामाला लेबलं थोडी थोडी छापा, आणि डाव्या कडेला दोन सेंटिमीटर कोरी जागा सोडायला डिझाइनवाल्याला सांगा. कोड आलाच तर तिथे स्टिकर बसेल. स्वयंघोषणेचा मजकूर हवा असेल तर निरोप टाका, आमचं नाव काढून पाठवते.