इंग्लंडमध्ये ११ वर्षांच्या मुलीसाठी लेपर्ड गेको (पालीचा एक पाळीव प्रकार) घ्यायचा विचार आहे. घर शाकाहारी आहे. तो खरंच सोपा असतो का आणि काय काय लागतं?

आधी शाकाहाराचं उरकून टाकतो. लेपर्ड गेको फळं, पालेभाजी, शिजवलेलं असलं काहीही खात नाही. त्याला जिवंत किडे लागतात आणि तो नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. लेक शिकायला बाहेर पडेल तेव्हा किड्यांचा डबा तुमच्याकडेच राहणार. कायद्यानेही तो तुमचाच, कारण २००६ च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टनुसार इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकता येत नाही. हे घरात सगळ्यांना मान्य असेल तरच पुढे जा.

प्राणी म्हणाल तर आपल्या भिंतीवरच्या पालीचा नातलग, पण स्वभावाने आणि बांध्याने वेगळा. बोटांना चिकट गाद्या नाहीत, त्यामुळे काचेवर चढत नाही. डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या आहेत. लांबी शेपटीसकट २० ते २५ सेंटीमीटर, वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम. शेपूट जाडजूड, कारण चरबीचा साठा तिथे असतो. मूळचा तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. दुकानात मिळतात ते पिंजऱ्यात जन्मलेले. (त्याचे चुलतभाऊ महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातली एक जात तर २०१४ मध्ये नव्याने नोंदली गेली. सुट्टीत गावी गेल्यावर दिसला तर लांबून बघा, पकडू नका.)

सोपा आहे का? पेटी बरोबर लावली तर हो. यातली बहुतेक दुखणी प्राण्याची नसतात, पेटीतल्या उष्णतेची आणि कॅल्शियमची असतात. म्हणून पेटी आधी लावा, आठवडाभर रिकामी चालवून तापमान बघा आणि मगच गेको आणा. वाढदिवसाच्या दिवशी दोन्ही एकदम आणणं हीच नेहमीची चूक.

मोठ्या गेकोला ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची पेटी पुरते. एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार. ऊब घेण्याच्या जागेवर सपाट दगड ठेवा. त्याचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सियस हवा आणि गार टोकाची हवा २२ ते २५. उबेशिवाय त्याला अन्न पचत नाही. गारठ्यात खाल्लेला किडा पोटात तसाच राहतो, मग गेको ओकतो किंवा खाणंच सोडतो. रात्री तापमान १८-२० पर्यंत उतरलं तरी चालतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात खोली त्याहून गार पडत असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर जोडा. लाल दिवा रात्रभर लावू नका.

लाकडी पेटी असेल तर हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) खालून लावू नका. लाकूड उष्णता अडवतं, वर काहीच पोचत नाही आणि मॅट मात्र तापत राहते. तिथे वरून हॅलोजन दिवा बरा. ५० वॅटपासून सुरू करा, भोवती जाळी बसवा आणि डिमिंग थर्मोस्टॅट (तापमान बघून दिवा मंद-तेज करणारं यंत्र) जोडा. काचेच्या टाकीला मॅट बाहेरून चालते, तळाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकेल एवढी, पण थर्मोस्टॅट तिलाही लागतोच. त्याविना मॅट ४५ अंशांच्या वर जाऊ शकते आणि पोट भाजतं. जनावर तरीही तिथेच बसून राहतं.

थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) गेको जिथे बसतो तिथे पक्का बसवा. नुसता ठेवलात तर गेको तो ढकलून गार कोपऱ्यात नेईल. मग यंत्राला वाटतं पेटी गार आहे, आणि ते तापवतच राहतं. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने दगडाचं तापमान आठवड्यातून एकदा मोजा.

लपायच्या जागा तीन: उबदार टोकाला एक, गार टोकाला एक आणि मधे ओलं मॉस (शेवाळ) भरलेला झाकणाचा डबा, बाजूला भोक पाडलेला. हा तिसरा डबा लोक गाळतात आणि कात टाकताना पस्तावतात. पिल्लाला तळाशी साधा किचन पेपर घाला. नुसती वाळू किंवा ‘कॅल्शियम सँड’ नको. किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं. उजेडासाठी ५ ते ७ टक्क्यांची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी, दिवसाला १२ तास. काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे खिडकीतलं ऊन जमेस धरू नका. नळी साधारण वर्षाने बदला, ती दिसायला पेटत असली तरी.

आता खाणं. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी पाच-सहा किडे. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. रातकिडे स्वस्त, पण रात्रभर ओरडतात आणि वास मारतात. मी टोळ सुचवेन, ते गप्प असतात. अळ्या (मीलवर्म) गुळगुळीत वाटीत घाला. वॅक्सवर्म महिन्यातून दोन-तीनच, तो त्याचा पेढा आहे. चटक लागली की बाकी काही खात नाही. किड्यांना आदल्या दिवशी भरपेट गाजर आणि पालेभाजी घाला, त्यांच्या पोटातून ते गेकोला पोचतं. तुमच्या स्वयंपाकघराचा सहभाग इथे! मग किडे पिशवीत घालून चिमूटभर कॅल्शियम पावडरीत घोळवा, जवळपास प्रत्येक वेळी. डी-३ असलेलं मल्टिव्हिटॅमिन दर दुसऱ्या आठवड्याला. हे चुकलं की जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, अंग थरथरतं, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. उरलेले रातकिडे पेटीत राहू देऊ नका, झोपलेल्या गेकोला तेच चावतात.

मोठा गेको साधारण महिन्याला कात टाकतो. आधी अंग पांढुरकं पडतं, मग तो ती तोंडाने ओढून मोज्यासारखी उतरवतो आणि खाऊन टाकतो. त्यानंतर लेकीला एक काम द्या: टॉर्चने प्रत्येक बोट बघायचं. बोटावर उरलेली कात वाळून दोऱ्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं. कात दिसली तर २८-३० अंशांच्या, पोटाला जेमतेम लागेल एवढ्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा आणि ओल्या इअरबडने अलगद सोडवा. कोरडी ओढू नका.

एकच घ्या. दोन नर एकमेकांना फाडतात. निवडताना शेपूट भरलेली, डोळे स्वच्छ आणि गुदद्वाराची जागा कोरडी आहे हे बघा. ‘लेमन फ्रॉस्ट’ रंगाचा दिसायला देखणा असतो, पण त्या वाणात त्वचेच्या गाठी होतात. ‘एनिग्मा’ वाणाचा मान तिरकी करून गोल गोल फिरतो. दोन्ही टाळा.

पहिले दोन आठवडे हातात घेऊ नका. शेपूट धरून तर कधीच उचलू नका. ती तुटते आणि पुन्हा येते ती गुळगुळीत, सलगमासारखी. हात दर वेळी साबणाने धुवा, कारण साल्मोनेला निरोगी गेकोच्याही विष्ठेत असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला लांबच ठेवा.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा त्याच्यासाठी वेगळा घ्या, आणि वजन आठवड्याला वहीत लिहा. हिवाळ्यात तो कधीकधी दोन-तीन आठवडे खाणार नाही. वजन टिकून असेल तर ते चालायचंच. ६० ग्रॅमचा ५४ वर आला किंवा शेपूट काडीसारखी होऊ लागली, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे (पशुवैद्याकडे) त्याच आठवड्यात न्या, आणि बरोबर विष्ठेचा ताजा नमुना डबीत घेऊन जा.